राष्ट्रांचे गुण आणि खेळांतील अंक

बुद्धिबळाच्या पटावर दोन्ही बाजूंचे मोहरे समसमान असतात. पांढऱ्या घोड्याला काळ्या घोड्यापेक्षां एक घरही अधिक चालतां येत नाहीं. हार-जीत होते ती केवळ खेळणाऱ्याच्या बुद्धीनें. इतिहासाचा पट मात्र असा कधींच मांडला गेलेला नाहीं. तेथें एकाजवळ समुद्रकिनारा असतो, दुसऱ्याजवळ चांदीची खाण असते, तर तिसऱ्याजवळ नुसती रेताड जमीन असते. म्हणून इतिहासावर खेळ रचूं पाहणाऱ्याला, बुद्धिबळाच्या कर्त्याला कधीं न पडलेला एक प्रश्न पडतो: कोणत्या राष्ट्राला कोणता गुण द्यावा, किती द्यावा, आणि तो कशाच्या आधारावर द्यावा?

संगणकावरील खेळांच्या रूपानें हा प्रश्न आज पुष्कळ घरांत येऊन पोहोंचला आहे. व्हिडिओ गेम म्हटला कीं धांवाधांव आणि गोळीबार, असा सामान्य समज आहे. परंतु त्यांत राज्यकारभाराचे, तहांचे, व्यापाराचे आणि मोहिमांचे दीर्घ खेळही आहेत. स्वीडनमधील स्टॉकहोम येथील पॅराडॉक्स या कंपनीनें २०१३ मध्यें प्रसिद्ध केलेला ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस’ मालिकेंतील चौथा खेळ हा त्यांपैकींच एक. ११ नोव्हेंबर १४४४ या दिवशीं त्याचा आरंभ होतो आणि १८२१ पर्यंतचा काळ त्यांत येतो. खेळणारा एक राज्य निवडतो आणि पावणेचारशें वर्षें तें चालवितो. यांत राज्याराज्यांना कांहीं जादा गुण नेमून दिलेले असतात. खेळाडू त्यांना बोनस म्हणतात. कोणाच्या जहाजांना बळ अधिक, कोणाच्या व्यापाराला नफा अधिक, तर कोणाचे किल्ले अधिक चिवट. प्रशियाच्या वांट्याला शिस्त आणि पायदळाचें लढाऊ सामर्थ्य आलें आहे. फरक असतो तो शेंकडा पांच-दहांचा. पण पुष्कळ लढायांत मिळून तो साचत जातो आणि सगळ्या नकाशाचे रंग बदलून टाकतो.

प्रशियाला शिस्तीचा गुण देण्यांत चूक ती काय, असें कोणीही विचारील. प्रशियाच्या फौजेची ख्याति तर शाळेच्या पुस्तकांतही आढळते. परंतु ती ख्याति कशी मिळाली, हें पाहिलें म्हणजे प्रश्न इतका सोपा राहत नाहीं.

या राज्याचें मूळ ब्रांडेनबुर्ग. १४४४ मध्यें तें निकृष्ट जमिनीचें एक जर्मन संस्थान होतें. त्याच्या सैन्याचा कोठें दबदबा नव्हता. १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धांत परक्या फौजांनीं तें पार तुडविलें. युद्ध चालू असतांनाच, १६४० मध्यें, गादीवर आलेल्या फ्रीड्रिश विल्हेल्म या इलेक्टरानें त्यावरून एक धडा घेतला: ज्याच्या पदरीं स्वतःची खडी फौज नाहीं, त्याला शेजारी विचारीत नाहींत. १६५३ मध्यें त्यानें जमीनदार सरदारांशीं सौदा केला. सरदारांनीं फौजेसाठीं पैसा मंजूर करावा, आणि मोबदल्यांत त्यांच्या कुळांवरील त्यांचा अधिकार राजानें मान्य करावा. फौजेच्या शिस्तीची पहिली किंमत अशा रीतीनें कुळांनीं दिली.

पुढें फ्रीड्रिश विल्हेल्म पहिला या राजानें १७३३ मध्यें प्रत्येक पलटणीला भरतीसाठीं ठराविक मुलूख नेमून दिला. शेतकऱ्याच्या मुलाचें नांव लहानपणींच पलटणीच्या यादींत चढे. कवाइत शिकून झाल्यावर तो वर्षाचे बहुतेक महिने गांवीं शेतावर राही आणि नेमल्या काळीं पलटणींत हजर होई. गांवांतील जमीनदार आणि पलटणींतील अधिकारी पुष्कळदां एकाच वर्गांतले असत. शेतावरचा हुकूम आणि रणांगणावरचा हुकूम एकाच आवाजांत येई. १७४० मध्यें हा राजा वारला, तेव्हां पंचवीस लाखांहूनही कमी वस्तीच्या या देशाजवळ सुमारें ८० हजार फौज होती. याच फौजेच्या बळावर त्याचा मुलगा फ्रेडरिक यानें १७५७ मध्यें रोसबाख आणि लॉयटेन येथें विजय मिळविले.

फ्रेडरिक १७८६ मध्यें मरण पावला. त्यानंतर अवघ्या वीस वर्षांनीं, १४ ऑक्टोबर १८०६ रोजीं, येना आणि आउअरश्टेट या दोन रणांगणांवर एकाच दिवशीं ही फौज उधळली गेली. दोन आठवड्यांच्या आंत नेपोलियन बर्लिनमध्यें शिरला. लोक तेच होते, गांवें तींच होतीं, कवाइतही बरीचशी तीच होती. बदललें होतें तें बाहेरचें जग. राज्यक्रांतीनंतरचा फ्रेंच शिपाई स्वतःला देशाचा नागरिक समजून लढत होता, तर प्रशियाचा शिपाई अद्याप जमीनदाराचें कूळच होता. हें ओळखूनच १८०७ मध्यें भूदासांच्या मुक्ततेचा हुकूम निघाला आणि १८०८ मध्यें अधिकाऱ्यांच्या जागा केवळ कुलीनांना न देतां योग्यतेवर देण्याचें ठरलें. १८१३ मध्यें प्रशियाचें जें सैन्य नेपोलियनविरुद्ध उभें राहिलें, तें या सुधारणांचें फळ होतें.

तात्पर्य, प्रशियाच्या शिस्तीला जन्मकाळ होता, किंमत होती, ती किंमत देणारे लोक होते आणि तिला उतारही होता. ती रक्तांतून आलेली नव्हती. व्यवस्थेंतून घडलेली होती. खेळांत मात्र राष्ट्राच्या नांवापुढें एक अंक लिहिला कीं, तो गुण त्या नांवालाच कायमचा चिकटतो.

एवढ्यानें काय बिघडलें, शेवटीं तो खेळच आहे, असें कोणी म्हणेल. पण लोकांच्या नांवापुढें असे कायमचे गुण लिहिण्याचा प्रयोग खेळाबाहेरही झालेला आहे, आणि त्याचे चटके महाराष्ट्रानें सोसले आहेत. जुन्या मुंबई फौजेंत महार शिपायांची संख्या मोठी होती. १ जानेवारी १८१८ रोजीं कोरेगांवच्या लढाईंत ते लढले होते. पुढें १८५७ नंतर कांहीं जाती जन्मतःच लढाऊ आणि कांहीं नव्हेत, असें मत इंग्रज अधिकाऱ्यांत बळावत गेलें. १८८५ ते १८९३ या काळांत सरसेनापति असलेले लॉर्ड रॉबर्ट्स यांनीं तें हिरिरीनें पुढें रेटलें, आणि १८९० नंतरच्या दशकांत महारांची भरती बंद झाली. लष्करांतून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनीं त्याविरुद्ध लेखणी उचलली. फौजेबरोबर पगार, पेन्शन आणि शिक्षणाची वाटही बंद होत होती, डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे फौजी शाळेंत शिक्षक होते, हें येथें आठवावें. पहिल्या महायुद्धांत माणसांची गरज पडतांच १९१७ मध्यें महार पलटण उभी राहिली, १९२१ मध्यें ती मोडली, आणि १९४१ मध्यें महार रेजिमेंट पुन्हां उभारण्यांत आली. या पन्नास वर्षांत लोकांचें रक्त बदललें नव्हतें. बदलत होता तो सरकारी कागदावरचा शेरा.

मराठ्यांच्या राज्यालाही या खेळांत स्थान आहे. त्यांना गनिमी काव्याचा गुण द्यावा, असें कोणाच्याही मनांत प्रथम येईल. परंतु १६२६ मध्यें वारलेल्या मलिक अंबरानेंही याच दख्खनच्या डोंगरांत ती युद्धपद्धति वापरली होती. उलट १७६१ मध्यें पानिपतावर इब्राहिमखान गारद्याचें कवाइती पायदळ आणि तोफखाना मराठ्यांच्या बाजूस होता. १८०३ मध्यें असई येथें शिंद्यांच्या तोफांनीं वेलस्लीच्या सुमारें साडेचार हजार फौजेपैकीं दीड हजारांहून अधिक माणसें जायबंदी किंवा ठार केलीं. गनिमी कावा हा सह्याद्रि, किल्ले आणि हलके घोडदळ यांच्या मेळाचा गुण होता. तो मेळ मागें सोडला कीं गुणही मागें राहिला.

मग खेळ रचणाऱ्यानें करावें काय? गुण द्यावा, पण तो राष्ट्राच्या नांवाला न बांधतां कारणाला बांधावा. तो कोणत्या संस्थेंतून येतो, कोणाच्या खर्चानें टिकतो आणि कशानें नाहींसा होतो, हें तीन प्रश्न विचारून मगच अंक लिहावा. खेळणाऱ्यानें ब्रांडेनबुर्ग तीस वर्षांच्या युद्धांतून सुखरूप वांचविलें, तर त्या विध्वंसांतून निघालेली शिस्त त्याला आपोआप कां मिळावी? आणि दुसऱ्या एखाद्या लहान राज्यानें तसाच सौदा करून तशीच फौज उभारली, तर त्याला ती कां नाकारावी? कुळांवरचें ओझें वाढल्याची खूणही त्याच पडद्यावर दिसली पाहिजे.

यावर खेळाडूंचा एक आक्षेप रास्त आहे. सर्वच गुण मिळवावयाचे ठरले, तर सर्व राज्यें सारखींच होतील आणि खेळांतील रंगत जाईल. पण इतिहासानें आरंभींच पुष्कळ विषमता ठेवली आहे. डोंगर, बंदरें, शेजारी, धर्मसत्ता, जमिनीचे हक्क हें सारें पहिल्याच दिवशीं निरनिराळें असतें. त्यांतून निरनिराळीं राष्ट्रें घडतात. मग त्यांना वेगळेपणा उसना देण्याची गरज राहत नाहीं.

जो मुलगा अशा खेळांतून प्रशियाचें नांव प्रथम ऐकतो, तो कदाचित् इतिहासाचें पुस्तक पुढें कधींच उघडणार नाहीं. त्याच्या लेखीं त्या पडद्यावरचा अंक हाच इतिहास ठरेल. कांहीं लोक जन्मतःच शूर असतात, ही समजूत त्यानें तेथून उचलावी, कीं प्रत्येक शौर्यामागें कोणाची तरी व्यवस्था आणि कोणाचे तरी कष्ट असतात, हें शिकावें, तें त्या अंकामागचें कारण त्याला दिसतें कीं नाहीं, यावर अवलंबून आहे.