साम्य, सगोत्रता आणि लाघव

भिलाई पोलाद कारखान्याने १९७२ साली भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून उभारलेल्या मैत्रीबागेत पांढरा वाघ हे मोठे आकर्षण आहे. पांढरा वाघ ही वाघाहून निराळी जात आहे, अशी पाहणाऱ्यांपैकी अनेकांची समजूत असते. तिला हसण्याचे कारण नाही. रंगासारखे ठळक लक्षण समोर असता वर्गीकरणाला तेच आधार वाटणे स्वाभाविक आहे. तौलनिक साहित्याभ्यासातही दोन कृतींत एखादा ठळक समान विशेष आढळला की त्यांचे नाते जोडण्याचा मोह आपल्याला होतोच. शरीरलक्षणांवरून जीवांचे वंशवृक्ष रचणाऱ्या अभ्यासकांनी विसाव्या शतकात या मोहाला शिस्त लावली. तिचा इतिहास आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

पिवळा वाघ, पांढरा वाघ आणि सिंह घेऊ, व तुलनेसाठी बाहेरचा चौथा म्हणून बिबट्या. रंगावर विसंबल्यास पिवळा वाघ आणि सिंह एका फांदीवर येतात व पांढरा वाघ वेगळा पडतो. पण मग पट्टे दोनदा स्वतंत्रपणे उद्भवले, किंवा एकदा उद्भवून सिंहात लोपले, असे मानावे लागते. पांढरेपणाचा बदल धरून एकूण ३ बदल होतात. दोन्ही वाघ एकत्र ठेवले तर २ बदलांत काम भागते. कमीत कमी बदल कल्पावे लागतील तो वृक्ष पत्करावा, हेच ते तत्त्व. (पांढरा रंग एकाच जनुकातील एका फेरफाराने येतो, हे २०१३ मध्ये दाखवून देण्यात आले.) या तत्त्वाला 'काटकसर' म्हणण्यापेक्षा 'लाघव' म्हणणे मला अधिक युक्त वाटते. नैयायिकांचे लाघव-गौरव हे कल्पनेचे गुणदोष आहेत, वस्तूचे नव्हेत. निसर्ग काटकसरी आहे असा दावा येथेही नाही. पुराव्यावाचून जादा बदल कल्पू नयेत, एवढेच म्हणणे आहे.

या उदाहरणात पिवळ्या रंगाचा पुरावा निकामी का ठरला, हे पाहण्यासारखे आहे. तो रंग बिबट्यातही आहे, म्हणजे तो जुना वारसा आहे. वारशाने सर्वांकडे आलेली गोष्ट दोघांचे विशेष सख्य सिद्ध करीत नाही. ते सिद्ध होते ते सामाईक नवनिर्मितीने. जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी १९५० मध्ये हा विचार पद्धतशीर मांडला, आणि १९६६ च्या इंग्रजी ग्रंथामुळे तो सर्वत्र पसरला. एडवर्ड्‌स व कॅव्हाली-स्फोर्झा (१९६३) आणि कॅमिन व सोकल (१९६५) यांनी त्याच सुमारास त्याला गणिती बाजू दिली. गणिताची आणि पुढे संगणकाची गरज का भासली, हे एका आकड्यावरून कळेल: अवघ्या १० जातींचे, प्रत्येक फाट्यावर दोनच शाखा धरल्या तरी, ३,४४,५९,४२५ मूळयुक्त वृक्ष संभवतात. लाघवही अचूक नाही. काही शाखांवर बदलांचा वेग फार असेल तर ते दिशाभूल करू शकते, हे फेल्सेनस्टाइन यांनी १९७८ मध्ये दाखवले.

भाषाभ्यासकांना यात नवे काही वाटणार नाही. श्लायखर यांनी भाषांचा वृक्ष १८५३ मध्ये, डार्विनच्या ग्रंथाआधी सहा वर्षे, काढला होता. भाषांचे उपगट सामाईक नवनिर्मितीवरूनच ठरवावेत, हे ब्रुगमान यांनी १८८४ मध्ये सांगितले होते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम करताना वि. स. सुखठणकर याच प्रश्नापुढे उभे होते. १९३३ मध्ये पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत त्यांनी वाचनांची वंशावळ दिली. परस्परांशी संबंध नसलेल्या वाचनांत पाठ एकच असेल तर तो मूळचा समजावा, हा त्यांचा दंडक हेनिगच्या सूत्राची दुसरी बाजू होय. असे साम्य पाठाचे प्राचीनत्व सांगते, शाखांची जवळीक सांगत नाही. मात्र हस्तलिखिते एकमेकांतून उसने घेतात, आणि असा संकर झाला की वृक्षाची आकृती अपुरी पडते. सुखठणकरांना ही अडचण पुरती ठाऊक होती. चिकित्सित आवृत्तीही १९६६ मध्येच पूर्ण झाली, हा निव्वळ योगायोग.

या विचाराची सर्वांत बोधप्रद कहाणी मात्र मध्य भारतातील हाडांची आहे. ठगांच्या बंदोबस्तामुळे ख्यात असलेल्या स्लीमन यांना १८२८ मध्ये जबलपूरजवळ शेपटीचे काही मणके मिळाले. लिडेकर यांनी १८७७ मध्ये त्यांच्यावरून 'टायटनोसॉरस इंडिकस' ही जात स्थापली. मणक्याची पुढची बाजू खोलगट आणि मागची गोळ्यासारखी फुगीर, हे तिचे लक्षण. पुढे मादागास्कर, अर्जेंटिना, युरोप येथील हाडांत ते लक्षण दिसताच तीही याच नावाखाली घालण्यात आली, आणि १४ जाती जमल्या. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावच्या (भिलाईजवळचे डोंगरगड नव्हे) टेकडीवर मिळालेला सांगाडा त्यांतलाच. कवटी व मागचे पाय नसले तरी मान, पाठ, श्रोणी व पुढचा पाय त्यात होता. १९९७ मध्ये तो 'टायटनोसॉरस कोल्बर्टी' म्हणून प्रसिद्ध झाला.

२००३ मध्ये विल्सन व अपचर्च यांनी सर्व जाती पुन्हा तपासल्या, तेव्हा आढळले की लिडेकरांचे लक्षण आता एका जातीचे राहिलेले नाही. १८७७ मध्ये ते विशेष होते. अधिक प्राणी सापडत गेले तसे ते एका मोठ्या गटाचा सामान्य वारसा ठरले. लक्षण खोटे नव्हते, ते कालबाह्य झाले होते. ओवीचेही असेच आहे. ज्ञानेश्वरी (१२९०) आणि श्रीधरांचे ग्रंथ यांत ती समान आहे म्हणून त्यांचे विशेष नाते सिद्ध होत नाही, कारण मधल्या काळात ती सर्वांचीच झाली. लक्षणाला त्याची पातळी असते आणि ती न सांगता केलेली तुलना निराधार राहते.

डोंगरगावच्या प्राण्याकडे मात्र स्वतःची लक्षणे होती. त्याला 'इसिसॉरस' हे नवे नाव मिळाले, ते कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून. संख्याशास्त्राच्या संस्थेचे नाव डायनोसॉरला मिळावे, हे मला मोठे गमतीचे वाटते. 'टायटनोसॉरस' या नावाखाली मात्र ओळखता येईल असे काही उरले नाही, तरी 'टायटनोसॉरिया' हे गटनाम त्यावरूनच चालू आहे. हरवलेला मानला गेलेला लिडेकरांचा एक मणका २०१२ मध्ये कोलकात्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात पुन्हा सापडला. तो आशियात प्रथम मिळालेल्या डायनोसॉरच्या हाडांपैकी आहे, पण तो कोणत्या जातीचा हे त्याच्या लक्षणांवरून आज सांगता येत नाही.