बेळगावात घडलेला लोखंडी नांगर : लाकडी नांगराला कमी काय होतं?

बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर इथे १८६९ मध्ये जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकलचं दुकान चालवत. आधी त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर.

फरक कुठे होता?
लाकडी नांगर माती फाडतो, उलटवत नाही. दोन तासांच्या मध्ये न नांगरलेली पट्टी राहते, त्यामुळे तेच रान आडवं-उभं पुन्हा नांगरावं लागतं. लोखंडी नांगराचा फाळ माती खालून कापतो आणि मागचा वाकडा पत्रा तिला उचलून पालथी घालतो. हराळी-कुंद्याची मुळं उघडी पडून उन्हात वाळतात, धसकटं गाडली जातात. मात्र खोल नांगरटीला ओढ जास्त लागते. भारी काळ्या रानात एक बैलजोडी पुरत नाही. म्हणूनच फाळाचा कोन, पत्र्याचा बाक आणि वजन यांचा मेळ घालणं हेच नांगर बनवणाऱ्याचं खरं काम. फाळ झिजला की तेवढाच बदलता यावा, हेही तितकंच महत्त्वाचं.

शेतकरी का बिचकले?
लोखंडानं जमिनीला विष चढतं, असा तेव्हा समज होता. पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षं गेली. पुढे नगरपालिकेनं कारखान्याची जागा सोडायला लावली. औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे. नांगर बेळगावात जन्मला, कारखाना मात्र बाहेर वाढला.

आज काय पाहावं?
आता बैलांची जागा ट्रॅक्टरनं घेतली, पण प्रश्न तोच आहे : कमी ओढीत माती हवी तशी कशी होईल? रोटाव्हेटर एका फेरीत रान भुसभुशीत करतो. पण दरवर्षी तेवढ्याच खोलीवर तो फिरवला, तर खाली कठीण थर धरतो. मग पाणी मुरत नाही, मुळं आडवी पसरतात. असा थर फोडायला सबसॉयलर लागतो, तोही खालची माती कोरडी असताना. ओल्या रानात अवजार घातलं की माती दबते, ढेकळं निघतात. अवजार कितीही चांगलं असो, वापसा आल्याशिवाय रानात घालू नये.