डूलॅली

डूलॅली : इंग्रजी बोलभाषेतील एक विशेषण. अर्थ ‘भ्रमिष्ट, डोके फिरलेला’. हा शब्द नासिकजवळील देवळाली या गावाच्या नावाचा अपभ्रंश होय. त्याचे मूळ रूप ‘डूलॅली टॅप’ असे जोडशब्दाचे होते.

देवळाली हे मुंबईपासून लोहमार्गाने सु. १८० किमी.वर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिशांनी तेथे लष्करी छावणी वसविली. इंग्लंडहून आलेल्या पलटणी येथून पुढे पाठविल्या जात आणि सेवेची मुदत संपलेले सैनिक मायदेशी जाण्यासाठी येथेच जहाजाची वाट पाहत. सैनिकांची ने-आण करणारी जहाजे प्रायः हिवाळी हंगामातच चालत. त्यामुळे वसंतात शेवटचे जहाज गेल्यानंतर मुदत संपलेल्यांना शरद ऋतूपर्यंत छावणीत पडून राहावे लागे. नेमून दिलेले काम थोडे, उन्हाळा तीव्र आणि घरची ओढ मोठी, अशा अवस्थेत कित्येकांचा तोल सुटे. व्यसने, गुप्तरोग व शिस्तभंगाच्या शिक्षा त्यांच्या वाट्याला येत. फ्रँक रिचर्ड्‌स या माजी सैनिकाच्या ओल्ड सोल्जर साहिब (१९३६) या आठवणींत या स्थितीचे वर्णन आढळते. फ्रेझर व गिबन्स यांच्या सैनिकी शब्दकोशात (१९२५) हा शब्दप्रयोग नोंदविलेला आहे.

‘टॅप’ म्हणजे हिंदुस्थानीतील ‘तप’, म्हणजेच ज्वर. हा शब्द फार्सीतून आला असून संस्कृत ‘ताप’ हा त्याचा सगोत्र आहे. याच इंडो-यूरोपीय मूळ धातूपासून लॅटिनमार्गे इंग्रजीतील ‘टेपिड’ (कोमट) हा शब्दही सिद्ध झाला. म्हणजे ‘डूलॅली टॅप’चा शब्दशः अर्थ ‘देवळालीचा ताप’. पुढे ‘टॅप’ गळून पडले आणि केवळ स्थलनाम वेडेपणाचे वाचक ठरले. ‘ळ’ हा ध्वनी इंग्रजीत नसल्याने त्याचा ‘ल’ झाला व ‘देव’चे ‘डू’. परिणामी इंग्रजी भाषकांना त्यातील गाव ओळखू येईनासे झाले.

या शब्दाने देवळालीवर अकारण ठपका ठेवला. तेथील हवा निरोगी असून आरोग्यधामांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. सैनिकांना पीडा झाली ती स्थळामुळे नव्हे, तर लांबलेल्या प्रतीक्षेमुळे. सैनिकांनी या दुःखावर थट्टेचे पांघरूण घातले. इंग्रजीत आज थट्टा उरली असून दुःखाचा विसर पडला आहे.