देवाचें बिऱ्हाड आणि मुलांचा मेळा

अणदूरचा खंडोबा वर्षभर एके ठिकाणीं राहत नाहीं. सुमारें सव्वादहा महिने त्याचें वास्तव्य अणदुरास असतें; उरलेले पावणेदोन महिने तो जवळच्या नळदुर्गास, मैलारपुरांत, जाऊन राहतो आणि पौषी पौर्णिमेची यात्रा तेथेंच भरते. एका मूर्तीसाठीं दोन गांवांत चालत आलेली ही वहिवाट कोणत्या शास्त्रांत बसते तें शास्त्रीमंडळींनीं पाहावें. आम्हांस तींत शेजारधर्म दिसतो. देवही तसाच आहे. मराठी मुलखांत तो खंडोबा, कानडींत मैलार, मुसलमान भक्तांचा मल्लूखान. एक पत्नी म्हाळसा वाण्याची, दुसरी बाणाई धनगराची.

निरनिराळ्या प्रांतांचीं व धर्मांचीं मुलें शांततेच्या नांवानें एकत्र जमविणाऱ्या बालमहोत्सवांचा विचार करूं लागलों म्हणजे आम्हांस हा बिऱ्हाड हलविणारा देव आठवतो. या मुलखांत असा मेळा भरविणें ही केवळ करमणूक नव्हे, कारण येथील भूमि बरेंच कांहीं पाहून चुकली आहे. नळदुर्गच्या किल्ल्यांतील पाणीमहाल १६१३ मधला, म्हणजे दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दींतला. स्वतःच्या गीतसंग्रहांत सरस्वतीस वंदन करणारा हा मुसलमान सुलतान. त्याच नळदुर्गावरून १३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी फौज सोलापुराकडून निजामाच्या राज्यांत शिरली. तत्पूर्वीं रझाकारांनीं गांवोगांव जो जुलूम केला तो सर्वांस ठाऊक आहे. त्यानंतर त्याचा सूड ज्यांच्यावर उगवला गेला त्यांत निरपराध मुसलमान कुटुंबें किती होतीं, हें मात्र फारसें बोललें जात नाहीं. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें त्याच वर्षाच्या अखेरीस हिंडून जो अहवाल लिहिला, त्यांत सर्वांत अधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचें नांव आहे. तो अहवाल २०१३ पर्यंत दप्तरांत बंद होता. परंतु जें घरांत बोलत नाहींत तें मुलांस कळत नाहीं, असें थोडेंच आहे!

अशा मेळ्यांची कल्पना महाराष्ट्रांत रुजविली ती साने गुरुजींनीं. पंढरपूरच्या मंदिराचीं दारें हरिजनांस उघडावीं म्हणून मे १९४७ मध्यें उपोषण करणाऱ्या गुरुजींस पुढें ध्यास लागला तो आंतरभारतीचा. रवींद्रनाथांची विश्वभारती डोळ्यांपुढें ठेवून, एका प्रांताच्या तरुणांनीं दुसऱ्याची भाषा शिकावी, तेथें जाऊन राहावें, असें ते म्हणत. अमळनेरच्या छात्रालयांत मुलांबरोबर राहिलेल्या माणसालाच हें सुचावें. ११ जून १९५० रोजीं ते गेले. पुढें हें काम निराळ्या वाटेनें केलें तें बंगळूरच्या एस. एन. सुब्बराव यांनीं. १९४२ मध्यें, वयाच्या तेराव्या वर्षीं तुरुंग पाहिलेल्या या गृहस्थांनीं १९७० मध्यें राष्ट्रीय युवा योजना काढली आणि २०२१ मध्यें मृत्यु येईपर्यंत देशभर शिबिरें व बालमहोत्सव भरविले. ‘भारत की संतान’ हा त्यांचा अनेक भाषांतील गीतांचा कार्यक्रम प्रसिद्धच आहे.

आमचें मत स्पष्ट सांगावयाचें तर रंगीत पोशाखांच्या मिरवणुकीचें आम्हांस फारसें कौतुक नाहीं. फेटा, लुंगी, मेखला यांचें प्रदर्शन मांडलें म्हणजे ऐक्य झालें, ही समजूत भाबडी आहे. तेवढें काम चित्रांचें पुस्तकही करूं शकेल. या महोत्सवांचें खरें मर्म आहे तें पाहुण्या मुलांना गांवांतल्या घरांत, शक्य तर परधर्मीयांच्या घरांत, उतरविण्याच्या रीतींत. तेथें मूल पाणी कोठें ठेवतात हें विचारतें, देवघर किंवा नमाजाची चटई पाहतें, घरच्या आजीचें बोलणें न कळतां ऐकतें. यजमानालाही परीक्षा असतेच. शेजारच्या आळींत जें कधीं वाढलें नाहीं तें ताट परक्या मुलापुढें मांडावें लागतें. केरळांतलें मूल ज्वारीच्या भाकरीपुढें बसतें आणि ती कशी मोडावी हें न कळून इकडेतिकडे पाहूं लागतें. मग घरचा मुलगा तिचा चतकोर तोडून त्याच्या हातांत देतो.