भिंतीखालची माणसे

माउली, वारीत पंढरपूरला पोहोचल्यावर चंद्रभागेचे स्नान होते, मग नामदेव पायरीपाशी आपण वाकतो. तिथेच, महाद्वारासमोर, चोखोबांची समाधी आहे. गर्दीचा रेटा एवढा असतो की हात जोडले न जोडले तोच आपण पुढे ढकलले जातो. पुढच्या खेपेला जरा निवांत दिवस पाहून जा आणि समाधीपासून महाद्वारापर्यंतची पावले मोजा. फार भरणार नाहीत. तेवढे अंतर हक्काने चालून आत जायला चोखोबांच्या माणसांना सहाशे नऊ वर्षे लागली.

शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८. त्या काळाचे पान शाळेच्या पुस्तकात काढाल तर दिल्लीचा सुलतान मुहम्मद तुघलक भेटेल. १३२७ साली त्याने राजधानी आपल्या देवगिरीला आणली आणि तिचे नाव दौलताबाद ठेवले. हे सगळे खरे आहे, लेकरांनी ते शिकावेच. पण त्याच काळात पंढरपुरापासून दहा-बारा कोसांच्या आत, मंगळवेढ्याला, गावकुसाची भिंत बांधायला धरून आणलेले मजूर दगड-मातीखाली गाडले गेले. त्यात चोखोबा होते. सुलतानाची राजधानी कुठून कुठे गेली हे ठाऊक असणाऱ्या किती जणांना ही भिंत ठाऊक असते?

गावकुसाचा हा विचित्र न्याय पाहा. कूस गावाचे रक्षण करायला असते. ते बांधायचे, पडले तर पुन्हा उभारायचे, रात्री वेशीवर जागायचे, ही कामे महारांची. राहायचे मात्र त्याच भिंतीच्या बाहेर. मेलेली गुरे ओढायची, सांगावे पोहोचवायचे, गावाच्या सीमेचा तंटा निघाला तर साक्षीला उभे राहायचे, सरकारी ओझे पुढच्या गावापर्यंत वाहायचे. वेठीला दाम नसे, आणि पोटाला मिळे ते गावाचे उरलेसुरले. गाव ज्यांच्या खांद्यावर चालले त्यांना गावात घर नव्हते.

हे आपल्याला कसे कळते? राजांची दानपत्रे ताम्रपटांवर कोरली गेली. वेठीला धरलेल्या माणसाची नोंद कोण ठेवणार? ती आपल्या गाथेत आहे. एकाच घरातली पाच माणसे बोलली: चोखोबा, पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणे बंका आणि मुलगा कर्ममेळा. सातशे वर्षांपूर्वीच्या, गावकुसाबाहेरच्या एका घरातले पाच आवाज आपल्यापर्यंत आले, याचे मोल इतिहास शोधणाऱ्यांना विचारा. परंपरा सांगते की चोखोबांचे अभंग अनंतभट्टांनी उतरून घेतले. त्या ब्राह्मणाचेही ऋण मानले पाहिजे.

आणि हे पाच जण एका सुरात बोलत नाहीत. चोखोबांची वाणी बहुधा विनवणीची, क्वचित कळवळून केलेल्या तक्रारीची. सोयराबाई वाद घालतात. विटाळ देहातच उपजतो, मग सोवळा देह कुणाचा, हा त्यांचा प्रश्न आजही कीर्तनात निघाला की मंडप क्षणभर गप्प होतो. कर्ममेळा तर बापाइतका सोशिक नाही. आयुष्यभर दुसऱ्याचे उष्टे खावे लागल्याचा जाब तो थेट विठ्ठलाला विचारतो. खरे सांगायचे तर आपण वारकरी चोखोबांवर प्रेम करतो, पण कर्ममेळ्याचे अभंग फारसे गात नाही. ते ऐकताना अवघडल्यासारखे होते, हेच त्याचे कारण असावे.

चरित्रकथांकडेही या नजरेने पाहता येते. सोयराबाईंचे दिवस भरले, चोखोबा निर्मळेला आणायला गेले आणि परतायला उशीर झाला. तेव्हा पांडुरंग निर्मळेचे रूप घेऊन आला आणि त्याने बाळंतपण केले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. हा चमत्कार तुम्ही श्रद्धेने घ्या, मीही तसाच घेतो. पण देवाला कोणत्या कामासाठी यावे लागले तेही पाहा. बाई अडली होती आणि त्या झोपडीत हाताशी कुणी नव्हते. दुसऱ्या कथेत तो मेलेले ढोर ओढू लागतो. ज्या कामामुळे माणूस अस्पृश्य ठरतो त्याच कामाला या घराने देव लावला.

संप्रदायाने चोखोबांना संतमालिकेत बसवले, त्यांचे अभंग विण्यावर चढवले, आणि तरीही त्यांच्या जातीच्या वारकऱ्याने समाधीपर्यंतच यायचे, तिथूनच कळसाला हात जोडून परत फिरायचे, हा शिरस्ता चालू राहिला. पायी वारी करून आलेल्या या माणसाला मुक्कामालाही जागा मिळत नसे. म्हणून गाडगेबाबांनी पंढरपुरात त्यांच्यासाठी धर्मशाळा उभी केली, तिला चोखोबांचे नाव दिले आणि पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती सोपवली. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावरचा आपला ग्रंथ तिघांना अर्पण केला: नंदनार, रविदास आणि चोखामेळा. ज्यांनी पुढे वेगळी वाट धरली त्यांनाही हे नाव जवळचे होते.

शेवटी साने गुरुजी आले. आधी काही महिने त्यांनी महाराष्ट्र पालथा घातला, गावोगाव लोकांना समजावले. मग १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात ते उपोषणाला बसले. गावातल्या अनेकांचा विरोध असताना एका वारकरी महाराजांनी आपला मठ त्यांना दिला, हे आपल्या मंडळींनी विसरू नये. १० मे रोजी उपोषण सुटले आणि विठ्ठलाचे दार उघडायची वाट मोकळी झाली. देशाला स्वातंत्र्य मिळायला तेव्हा अजून तीन महिने होते.

दार उघडले म्हणून पंगत एक झाली असे नाही. इरावती कर्वे त्याच सुमारास वारीत चालल्या. एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे निरनिराळे जेवतात हे पाहून त्यांच्या जिवाला लागले, आणि 'वाटचाल' या लेखात त्यांनी ते लिहून ठेवले. तो लेख मिळाला तर दिंडीत मोठ्याने वाचा. मग आपल्या दिंडीत स्वयंपाकाला कोण बसते, पाण्याचा टँकर कोण ओढतो, मुक्काम हलल्यावर मागचे रान कोण झाडते, तेही पाहा.

पुन्हा त्या भिंतीकडे येतो. चोखोबांच्या अस्थी आणायला नामदेवराय मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यात हाडांचा खच होता. कुणाचे हाड कोणते, कसे ओळखायचे? नामदेवराय एकेक हाड उचलून कानाशी धरीत गेले. ज्यातून विठ्ठल विठ्ठल असा नाद आला ते उपरण्यात ठेवले आणि पंढरीला आणून महाद्वारासमोर समाधी दिली. बाकीची हाडे त्यांनी कानाशी धरली आणि परत खाली ठेवली. तीही वेठीला आलेल्या माणसांचीच होती. कुणाची बायको संध्याकाळी वाट पाहत बसली असेल, कुणाचे पोर वेशीपर्यंत आले असेल. त्यांची नावे गाथेत नाहीत, ताम्रपटात नाहीत. ती मंगळवेढ्याच्या मातीतच राहिली.