हवापालट आणि अंगावर काढणे : मावळच्या रस्त्यावरून आजारपणाचा इतिहास

‘हवापालट’ हा शब्द आता जवळजवळ वापरातून गेला आहे. आपल्या पणजोबांच्या पिढीत तो औषधाच्या नावासारखा उच्चारला जाई. ताप हटेना, खोकला जाईना, अन्न पचेना किंवा कचेरीच्या कामाने डोके उठले, की वैद्य-डॉक्टर सांगत : महिनाभर हवापालट करा. मुंबईकरांसाठी या सल्ल्याचा पत्ता बहुधा खंडाळा, लोणावळा किंवा तळेगाव असे. आजचा धागा याच पट्ट्याविषयी आहे. पण बंगल्याच्या व्हरांड्यात आरामखुर्चीवर विसावलेल्या रुग्णापेक्षा त्याच्या फाटकासमोरून सायकल दामटत कामावर जाणाऱ्या आजारी माणसाकडे आपण अधिक पाहणार आहोत.

त्या दुसऱ्या माणसासाठीही मराठीत नेमका शब्दप्रयोग आहे. तो दुखणे ‘अंगावर काढतो’. काम थांबवणे ज्याला परवडते तो हवा पालटतो, ज्याला परवडत नाही तो अंगावर काढतो. मावळात ही दोन्ही माणसे दीडशे वर्षे एकाच रस्त्यावर वावरली आहेत. पहिल्याच्या आजारपणाचा इतिहास लिहिला गेला. दुसऱ्याचा शोधावा लागतो.

आधी रस्ता. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून चाकांच्या गाड्यांसाठी रस्ता खुला झाला. १८५८ मध्ये पुण्याकडून खंडाळ्यापर्यंत रेल्वे आली आणि २१ एप्रिल १८६३ रोजी घाटातला लोहमार्ग सुरू झाला. ३७ फुटांमागे एक फूट इतका त्याचा चढ. त्या काळच्या इंजिनांची दमछाक करणारा हा टप्पा पूर्ण होताच सुमारे ६२० मीटर उंचीवरचे लोणावळे मुंबईच्या आवाक्यात आले. बंगले उभे राहिले, निरनिराळ्या समाजांची आरोग्यभवने उभी राहिली, आणि ‘लोणावळ्याची हवा’ ही विकत घेता येण्याजोगी वस्तू झाली.

याला त्या काळच्या वैद्यकाचा भक्कम आधार होता. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ साली दाखवला, पण त्याला मारणारे औषध हाती यायला आणखी साठ वर्षे लागली. मधल्या काळात डॉक्टरांपाशी तीनच गोष्टी होत्या : मोकळी हवा, सकस अन्न आणि संपूर्ण विश्रांती. जर्मन आरोग्यधामांनी रुजवलेली ही पद्धत आपल्याकडेही आली. हृदयविकारातही तेच. झटका येऊन गेलेल्या रुग्णाला कित्येक आठवडे खाटेवरून हलू देत नसत. शरीर बिघडले की ते थांबवायचे, हा साऱ्या उपचारांचा पाया होता.

मनाच्या थकव्यासाठीही मावळातच सोय झाली. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. आसने करताना रक्तदाबाचे काय होते, पोटातल्या दाबाचे काय होते, हे क्ष-किरण आणि मोजयंत्रे लावून पाहणारा हा माणूस आपल्या काळाच्या पुष्कळ पुढे होता. १९२७ साली महात्मा गांधींचा रक्तदाब वाढला, तेव्हा त्यांनीही कुवलयानंदांशी सल्लामसलत केली होती. ‘ताण’ या अर्थाने आज आपण जो इंग्रजी शब्द सहज वापरतो, त्याला वैद्यकीय अर्थ मिळवून देणारे हान्स सेल्ये यांचे टिपण १९३६ चे. लोणावळ्यातले काम त्याआधीचे आहे, हे मला नेहमीच विशेष वाटत आले आहे.

आता सायकल. ती आपल्याकडे आली तेव्हा चैनीची वस्तू होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात उघडलेले दुकान सायकलींचे होते. त्यांचे गिऱ्हाईक होते हौशी साहेब आणि संपन्न घरातले तरुण. काही लोक तिला ‘पायगाडी’ म्हणत. गंमत म्हणजे त्याच सुमारास इंग्लंड-अमेरिकेत काही डॉक्टर सायकल चालवण्याने होणारे आजार शोधत होते. तोल सांभाळण्याच्या चिंतेने चेहरा कायमचा ताठरतो, डोळे बाहेर येतात, अशा ‘सायकल-चेहऱ्या’ची चर्चा १८९० च्या दशकात गांभीर्याने चाले. स्त्रिया सायकल चालवू लागल्यावर ती अधिकच रंगली, यात नवल नाही.

चैनीची ही वस्तू पुढच्या साठ वर्षांत गरजेची झाली. आधी स्वस्त आयात, मग देशी कारखाने. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स, १९४९ पासून मद्रासेत टीआय सायकल्स. मावळच्या रस्त्यावर कामाची ठिकाणेही याच काळात वाढली. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ पासूनचा. १९१५ साली मावळच्या धरणांचे पाणी खोपोलीच्या वीजगृहात कोसळू लागले आणि त्यावर मुंबईच्या गिरण्या फिरू लागल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देहूरोडला लष्करी भांडार आले, १९४५ साली लोणावळ्याला आयएनएस शिवाजी. स्वातंत्र्यानंतर पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक पट्टा उभा राहिला. वाड्यावस्त्यांवरून फाट्यापर्यंत, स्टेशनपर्यंत किंवा थेट गेटपर्यंत पोहोचण्याचे साधन म्हणजे सायकल.

ही सायकल कशी होती, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. वजन वीस किलोच्या आसपास, गिअर एकच, सळईचे ब्रेक, कॅरिअरला डबा, पुढच्या चाकाला घासणारा डायनॅमो. सपाटीवर ताशी पंधरा किलोमीटरचा वेग धरला, तर कामशेत ते तळेगाव हे अंतर साधारण तासाभराचे. निरोगी माणसाला हा मध्यम श्रमाचा व्यायाम. पण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, आणि पावसाळ्यात मावळात वारा पश्चिमेकडून येतो. लोणावळ्याच्या दिशेने जाणाऱ्याला तो छातीवर घ्यावा लागतो. लोणावळ्यात वर्षाला सुमारे ४००० मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेकडे सरकताना तो झपाट्याने ओसरतो, तरी पहिले तीन महिने अंगावरचे कपडे वाळत नाहीत. कामशेतच्या खिंडीत एका गिअरवर चढ घ्यायचा म्हणजे पायांवर उभे राहून घ्यायचा.

यात दमेकऱ्याला घाला. थंडीच्या सकाळी धुक्यातून जाताना श्वासनलिका आवळतात. मधुमेह्याला घाला. पाळी लांबली, जेवण चुकले, वर तासभर पॅडल मारले, तर साखर उतरून हात थरथरू लागतात. उच्च रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला घाला, गुडघा सुजलेल्याला घाला. लोणावळ्याच्या हवेची ख्याती वर्णन करणाऱ्यांनी ही हवा सायकलवरून कशी लागते, याची नोंद सहसा केलेली नाही.

वैद्यकाचा पाया मात्र याच काळात हादरत होता, आणि त्यातली एक घटना भारतातली आहे. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोगावर एक चाचणी सुरू झाली. रुग्णांचे दोन गट. एक आरोग्यधामात : विश्रांती, चांगला आहार, परिचारिका. दुसरा आपल्याच दाटीवाटीच्या घरात : निकृष्ट आहार, अधिक हालचाल, बरेचदा कामही. औषधे दोघांना तीच. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा दोन्ही गटांतील बरे होणाऱ्यांच्या प्रमाणात फारसा फरक नव्हता. औषधे नियमित मिळाली तर हवा आणि खाट यांवाचून चालत होते. जगभरातील आरोग्यधामांचे महत्त्व ओसरण्यामागे या चाचणीचा मोठा वाटा आहे.

मावळापासून थोड्याच अंतरावर, त्याच महामार्गालगत पिंपरीत, १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. आधी पेनिसिलिन, पुढे क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन. हवापालटाची गरज संपवणारी औषधे हवापालटाच्या वाटेवरच तयार होत होती.

हृदयाच्या बाबतीतही तसेच. १९५३ साली जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या बस कर्मचाऱ्यांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दुमजली बसचे जिने चढ-उतर करणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकार कमी होता. पुढे मॉरिस यांनी गणवेशांची मापेही तपासली. ड्रायव्हरांच्या विजारी कमरेला अधिक रुंद निघाल्या! १९५५ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांच्यावर उपचार करणारे पॉल डडली व्हाइट हे स्वतः सायकलचे मोठे पुरस्कर्ते होते. झटक्यानंतर माणसाने हळूहळू हालचालीकडे आणि कामाकडे परतावे, हे मत त्यांच्यासारख्यांमुळे मान्य झाले.

म्हणजे देहूरोडचा वा पिंपरीचा सायकलवाला कामगार नकळत योग्य तेच करत होता, असे म्हणायचे का? इथे मला थांबावेसे वाटते. २०१७ साली ‘बीएमजे’मध्ये ब्रिटनमधील अडीच लाखांहून अधिक लोकांचा अभ्यास आला. सायकलने कामाला जाणाऱ्यांत मृत्यूचा धोका सुमारे ४१ टक्के कमी आढळला. सायकलप्रेमींच्या तोंडी हा आकडा सतत असतो. पण तो निरीक्षणातून आलेला आहे. जो फार आजारी पडतो तो सायकल सोडतो आणि त्या गटातून गळतो. संशोधकांनी हिशेबात या गोष्टी धरण्याचा प्रयत्न केला असला, तरी ही शंका पुरती मिटत नाही. शिवाय त्या देशात सायकल बहुतेकांनी निवडलेली असते. मावळातल्या माणसाला सायकल निवडावी लागली नाही, तीच तेवढी होती.

कामाच्या ताणाविषयीचे संशोधनही निवडीपाशीच येऊन पोहोचते. ब्रिटिश सरकारी नोकरांच्या, १९६७ पासून चाललेल्या व्हाइटहॉल अभ्यासांत दिसले की हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण खालच्या श्रेणीतील नोकरांत वरच्या साहेबांपेक्षा जास्त होते. १९७९ मध्ये रॉबर्ट कारासेक यांनी मांडले की कामाची मागणी मोठी आणि त्यावरचा ताबा छोटा, तेव्हा ताण सर्वाधिक. पाळी कोणती, गेट किती वाजता बंद होणार, आजारपणाची रजा मंजूर होणार की नाही, यांपैकी काहीच सायकलवाल्याच्या हाती नसते. तासभर पॅडल मारल्याने डोके हलके होते, हे खरे. उशिराच्या भोंग्याच्या धास्तीने मारलेल्या पॅडलचे काय होते, हे कोणी मोजलेले मला माहीत नाही.

या माणसाचा इतिहास शोधताना माझ्या हाती लागलेला सर्वांत बोलका कागद वैद्यकीय नाही, न्यायालयीन आहे, आणि तो मावळातला नसून केरळातला आहे. ज्या कायद्याचा तो अर्थ लावतो तो मात्र पिंपरीलाही तसाच लागू होता : कर्मचारी राज्य विमा कायदा, १९४८. २६ जून १९७१. कोरट्टी येथील कारखान्याचा एक कामगार सायकलने पाळीवर निघाला होता. पाळी साडेचारची. सव्वाचार वाजता, कारखाना एक किलोमीटरवर असताना, त्याला लॉरीने ठोकरले. गळ्याजवळचे हाड मोडले. प्रश्न एवढाच होता की ही दुखापत कामातली की रस्त्यावरची? खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९६ साली निकाल लागला : कामातली नव्हे. अपघातापासून पंचवीस वर्षांनी.

२०१० साली कायद्यात दुरुस्ती होऊन ५१-ई हे कलम आले. घर ते कामाचे ठिकाण या प्रवासातला अपघात कामातलाच मानावा, असे त्याने ठरवले. अट अशी की अपघाताची परिस्थिती, वेळ आणि जागा यांचा नोकरीशी संबंध सिद्ध व्हावा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या प्रकरणात हाच न्याय जुन्या नुकसानभरपाई कायद्यालाही लावला. तो २००३ साली पहाटे कामावर जाताना रस्त्यात मेला होता. तो मोटारसायकलवर होता.

मधल्या काळात मावळचा रस्ता बदलून गेला. १९७८ साली पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली. अनेकांनी सायकल मळवली, कामशेत, वडगावच्या स्टेशनापाशी लावून पुढे गाडी धरायला सुरुवात केली. मला हा मावळी सायकलप्रवासाचा सर्वांत शहाणा काळ वाटतो : माणसाच्या वाट्याला चार-पाच किलोमीटर, उरलेले रेल्वेच्या. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. त्यावर दुचाकींना आणि पादचाऱ्यांना मनाई आहे. तो तालुक्यातून जातो, पण तालुक्यातल्या सायकलसाठी तो नाही. जुना महामार्ग उरला. त्यावर शनिवार-रविवारी सहलीच्या मोटारी, एरवी अवजड वाहने, आणि कडेला भरधाव गाड्यांच्या वाऱ्याने हेलकावणारी सायकल.

त्या कडेने आजही रक्तदाबाची गोळी खिशात ठेवून कोणी पहिल्या पाळीला निघते. ५१-ई कलमाने त्याला हक्क दिला, तो सिद्ध करण्याचे ओझेही दिले. लोकलने जाणाऱ्याकडे पास असतो, कंपनीच्या बसमध्ये बसणाऱ्याचे नाव यादीत असते, मोटारसायकलवाल्याकडे निदान पेट्रोलची पावती असते. सायकलीवर पूर्वी नगरपालिकेचा पितळी बिल्ला तरी असे. सायकलकर गेला, बिल्लाही गेला. इतिहासकाराला आणि विमा निरीक्षकाला त्याच्याविषयी एकच कागद सापडू शकतो. तो म्हणजे हजेरीपट. त्यावर तो पोहोचल्याची वेळ असते, निघाल्याची नसते.