सिंगापूरचे कार्यालय, पुण्याची फाईल : व्यावसायिक संगणक-जाळ्याचा वेग नेमका कुठे अडतो?

सिंगापूरमध्ये कार्यालयासाठी वेगवान इंटरनेट मिळवणे आज मुळीच अवघड नाही. राष्ट्रीय ब्रॉडबँड जाळ्यावरील सेवा २०१० मध्ये सुरू झाल्या. सेकंदाला १ गिगाबिटची जोडणी आता येथे नित्याची झाली असून, हे जाळे १० गिगाबिटपर्यंत नेण्यासाठी १० कोटी सिंगापूर डॉलरपर्यंतचा निधी फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाला. तरीही पुण्यात किंवा मुंबईत सहकारी कार्यालय असलेल्या अनेक लहान-मध्यम कंपन्यांची तक्रार कायम आहे : तिकडच्या सर्व्हरवरील हिशेबाची फाईल उघडायला वेळ लागतो, दूरध्वनी-बैठकीत आवाज तुटतो, रात्रीचा बॅकअप सकाळपर्यंत संपत नाही. यावर पहिला उपाय म्हणून बहुधा आणखी मोठी जोडणी विकत घेतली जाते. पुष्कळदा तो पैसा वाया जातो, कारण दुखणे रुंदीचे नसून विलंबाचे असते.

अंतराचे गणित

बँडविड्थ म्हणजे रस्त्याची रुंदी. विलंब म्हणजे एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाऊन परत येण्यास लागणारा वेळ. रुंदी पैशाने वाढते, अंतर वाढत वा घटत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. मुंबई आणि सिंगापूर यांच्यातील हवाई अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर आहे. म्हणजे केबल अगदी सरळ रेषेत टाकली असती तरी जाण्यायेण्यास ३९ मिलिसेकंद लागले असते. प्रत्यक्षात केबल सरळ जात नाही. २००२ साली भारती आणि सिंगटेल यांनी सुरू केलेली ‘आय-टू-आय’ ही सागरी केबल चेन्नईहून सिंगापूरला येते व तिचीच लांबी सुमारे ३,२०० किलोमीटर आहे. महाराष्ट्रातून त्या मार्गाने येणारी रहदारी आधी जमिनीवरून चेन्नई गाठते. त्यामुळे मुंबई-सिंगापूर फेरीला साधारण ६० मिलिसेकंद धरणे वास्तवाला धरून होईल.

साठ मिलिसेकंद म्हणजे पापणी लवण्याहूनही कमी वेळ. पण सामायिक फोल्डरमधील एखादी फाईल उघडताना संगणक आणि सर्व्हर यांच्यात एकच प्रश्नोत्तर होत नाही. नाव विचारायचे, परवानगी तपासायची, कुलूप लावायचे, एकेक तुकडा मागायचा, अशा फेऱ्या होत राहतात. एखाद्या जुन्या हिशेब-प्रणालीने एकापाठोपाठ २०० फेऱ्या केल्या, तर त्याच इमारतीतील सर्व्हरसाठी (फेरीला अर्धा मिलिसेकंद) एकदशांश सेकंद लागतो. पुण्यातील सर्व्हरसाठी १२ सेकंद. जोडणी १ गिगाबिटची असो वा १० गिगाबिटची, हे १२ सेकंद तसेच राहतात.

मोठ्या फाईलींबाबतही हाच विलंब आड येतो. टीसीपी या नियमावलीनुसार, पाठवलेल्या मजकुराची पोच येण्यापूर्वी ठरावीक मापापुरताच पुढचा मजकूर पाठवता येतो. या मापाला ‘विंडो’ म्हणतात. मूळ मर्यादा ६४ किलोबाइटची. साठ मिलिसेकंदांच्या फेरीत ६४ किलोबाइट म्हणजे सेकंदाला जेमतेम ९ मेगाबिट, जोडणी कितीही मोठी असली तरी. ही विंडो वाढवण्याची सोय १९९२ मध्ये प्रमाणित झाली आणि आजच्या संगणकप्रणाली ती आपोआप वापरतात. मात्र मधला एखादा जुना फायरवॉल ती सूचना गाळून टाकतो किंवा जुने सॉफ्टवेअर आपले माप स्वतःच घट्ट बांधून ठेवते, तेव्हा वेग पुन्हा त्या जुन्या मर्यादेवर येऊन बसतो. पॅकेट हरवणेही येथे महागात पडते. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार टीसीपी हरवलेले पॅकेट हे गर्दीचे लक्षण समजून वेग उतरवते, आणि लांबच्या मार्गावर तो पुन्हा चढायला फार वेळ घेतो. गूगलने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘बीबीआर’ ही पद्धत या बाबतीत अधिक समंजस आहे. लिनक्स सर्व्हर असल्यास ती चालवून पाहण्यास हरकत नाही.

फाईल हलवावी की काम हलवावे?

यावरचा खरा उपाय फेऱ्या कमी करण्याचा किंवा त्या जवळच्या जवळ पूर्ण करण्याचा आहे. हिशेबाची प्रणाली पुण्यातच राहणार असेल, तर सिंगापूरच्या कर्मचाऱ्याने फाईल इकडे ओढण्याऐवजी रिमोट डेस्कटॉपने तिकडच्या संगणकावर काम करावे. मग समुद्रापलीकडून फक्त पडद्यावरचे चित्र येते आणि दोनशे फेऱ्या पुण्यातल्या पुण्यात पार पडतात. केवळ वाचायचे दस्तऐवज असतील तर दोन्ही ठिकाणी त्यांची जुळती प्रत ठेवणे पुरते. सर्व काही क्लाउडवर न्यायचे ठरल्यास प्रदेशाची निवड विचारपूर्वक करावी. ॲमेझॉनचा सिंगापूर प्रदेश २०१० पासून आणि मुंबई प्रदेश २०१६ पासून चालू आहे. मायक्रोसॉफ्टचा ‘सेंट्रल इंडिया’ प्रदेश तर २०१५ पासून पुण्यातच आहे. मुख्यालय जेथे आहे तेथे सर्व्हर ठेवण्याची प्रथा प्रतिष्ठेची असेल, सोयीची असेलच असे नाही. ज्या ठिकाणी माणसे अधिक, त्या ठिकाणी विदा असावी.

व्हीपीएनचा उलटा फेरा हा दोष तर आश्चर्य वाटावे इतका सार्वत्रिक आहे. पुण्यातला कर्मचारी सुरक्षेसाठी सिंगापूरच्या व्हीपीएनला जोडला जातो आणि तेथून मुंबईतील क्लाउडवरचे ॲप उघडतो. त्याचे प्रत्येक पॅकेट समुद्र दोनदा ओलांडते, आणि परतीला पुन्हा दोनदा. फेरी काही मिलिसेकंदांऐवजी सुमारे १२० मिलिसेकंदांची होते. विश्वासार्ह सेवांची रहदारी व्हीपीएनबाहेरून थेट जाऊ देणे हा यावरचा सरळ मार्ग आहे. वित्तक्षेत्रातील कंपन्यांनी मात्र आपल्या सुरक्षा-अधिकाऱ्यांच्या लेखी संमतीविना तो स्वीकारू नये.

जोडणी देणारी कंपनी निवडतानाही हाच विचार करावा. सिंगापूरच्या राष्ट्रीय जाळ्यात जमिनीखालील तंतू बहुतांशी नेटलिंक या एकाच संस्थेचे आहेत; अनेक किरकोळ विक्रेते त्यावरूनच सेवा देतात. म्हणजे ‘आमचे फायबर उत्तम’ या जाहिरातीला फारसा अर्थ नाही. फरक पडतो तो परदेशी मार्गांत. करार करण्यापूर्वी त्या सेवेवरून पुण्याच्या सर्व्हरपर्यंत ट्रेसराउट चालवून पाहावे. रहदारी थेट भारतात उतरते की हाँगकाँगचा किंवा त्याहून लांबचा वळसा घेते, हे काही मिनिटांत उघड होते.

कार्यालयाच्या चार भिंतींत

बैठकीतील आवाज तुटण्याचा दोष मात्र समुद्रावर ढकलू नये. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार संभाषणात एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा; भारत-सिंगापूर मार्ग त्याच्या एक-पंचमांशावर आहे. आवाज तुटतो तो पॅकेटे अनियमित अंतराने पोहोचल्यामुळे, आणि त्याचे मूळ बहुधा वाय-फायमध्ये किंवा तुंबलेल्या राउटरमध्ये सापडते.

एकमेकांस लागून असलेल्या सिंगापूरच्या कार्यालयांत २.४ गिगाहर्ट्झ पट्टा जवळपास निरुपयोगी झाला आहे. त्यात परस्परांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. महत्त्वाची उपकरणे ५ गिगाहर्ट्झवर, आणि उपकरणे नवी असल्यास ६ गिगाहर्ट्झवर न्यावीत. वाहिनीची रुंदी ८० मेगाहर्ट्झवर ठेवण्याचा मोह गर्दीच्या जागी टाळावा. ४० किंवा २० मेगाहर्ट्झवर कमाल आकडा घटतो, पण व्यत्यय कमी होऊन काम सुरळीत चालते. ॲक्सेस पॉइंटची शक्ती वाढवण्यापेक्षा त्यांची संख्या वाढवणे चांगले. आणि जे टेबलावरून हलत नाही, त्याला केबल लावावी.

केबलीबाबत एक छोटी तपासणी विसरू नये. गिगाबिट जोडणीला तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. खुर्चीच्या चाकाखाली एक जोडी तुटली की पोर्ट मुकाट्याने १०० मेगाबिटवर उतरतो, कोणताही इशारा देत नाही. स्विचवर प्रत्येक पोर्टचा वेग वाचून काढायला दहा मिनिटे लागतात. जुनी कॅट ५ई केबल असली तरी लगेच भिंती फोडण्याचे कारण नाही. २०१६ च्या प्रमाणानुसार तिच्यावर २.५ गिगाबिट चालू शकते.

राउटर तुंबण्याचा प्रकार पुण्यात घरून काम करणाऱ्यांकडे अधिक आढळतो. मोठी फाईल वर चढत असताना राउटर शेकडो मिलिसेकंदांची रांग साठवतो आणि बैठकीची पॅकेटे त्या रांगेत मागे उभी राहतात. यावर ‘एफक्यू-कोडेल’ ही रांग-व्यवस्था गुणकारी आहे. ती असलेल्या राउटरवर वेगमर्यादा प्रत्यक्ष जोडणीच्या ९० ते ९५ टक्क्यांवर बांधावी.

दुसरी जोडणी खरोखर दुसरी आहे का?

९ ऑक्टोबर २०१३ रोजी सिंगटेलच्या बुकित पांजांग दूरध्वनी केंद्रात आग लागली. सुमारे २ लाख ७० हजार ग्राहकांना त्याची झळ बसली, त्यांत बँकांसारख्या संस्थाही होत्या. पुढे नियामकाने सिंगटेलला ६० लाख सिंगापूर डॉलरचा दंड ठोठावला. दोन कंपन्यांकडून दोन जोडण्या घेतल्या तरी त्यांचे तंतू एकाच नळीतून आणि एकाच केंद्रातून जात असतील, तर हिशेबात दोन आणि संकटात एक अशी गत होते. दोन्ही मार्ग कोठून वेगळे होतात हे सेवादात्याकडून लेखी मागावे. राखीव मार्ग मोबाइल जाळ्याचा असल्यास त्यावर बॅकअपसारखी जड कामे आपोआप थांबतील अशी व्यवस्था आधीच करून ठेवावी. मग एखाद्या शनिवारी दुपारी, सर्वांना कल्पना देऊन, मुख्य जोडणीची केबल उपसावी आणि पुण्याची ती हिशेबाची फाईल राखीव मार्गावरून किती सेकंदांत उघडते, हे घड्याळ लावून पाहावे.